ऑपरेशन झालं, पण घरी गेल्यावर झोपायचं कसं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मणक्याच्या ऑपरेशननंतर मला घरी सोडलं तेव्हा डिस्चार्ज कार्डावर तीन सूचना ठळक अक्षरांत होत्या: वाकू नका, वजन उचलू नका, कंबर पिळू नका. खाली गोळ्यांची यादी, ड्रेसिंगची तारीख, टाके काढायची तारीख. पुढचे कित्येक आठवडे माझा बहुतेक वेळ अंथरुणावर जाणार होता, आणि अंथरुणावर पडायचं कसं, कूस बदलायची कशी, उठायचं कसं याबद्दल त्या कार्डावर एक शब्दही नव्हता. पुढे माझ्यासारख्याच इतरांशी बोलणं झालं, तर त्यांच्या कार्डांवरही नव्हता. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. जरा लांबेल, पण ज्यांच्या घरी असा पेशंट आहे ते शेवटपर्यंत वाचतील याची मला खात्री आहे.

मी शिवणकाम करते. वय पंचावन्नच्या पुढे. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकला होता, रिपोर्टाच्या भाषेत एल-फोर एल-फाइव्ह, आणि तिथे नस दाबली जात होती. चालताना मध्येच थांबावं लागायचं, मशीनवर बसलं की पोटरीपर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी नस मोकळी केली आणि स्क्रू-रॉड घालून ते दोन मणके सांधले. ऑपरेशन उत्तम झालं. पायातली कळ भूल उतरली तेव्हाच गेलेली होती. डॉक्टरांनी जे काम हातात घेतलं ते चोख केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं त्यानंतरच्या कामाबद्दल आहे. ते काम कुणाचंच नाही, पेशंट घरी गेल्यावर आपोआप जमेल, असं धरून चाललं जातं.

हॉस्पिटलात त्रास जाणवत नाही याचं एक साधं कारण आहे. तिथल्या कॉटला हँडल असतं किंवा बटण असतं. डोक्याकडची बाजू थोडी वर, गुडघ्यांखालची बाजू थोडी वर, असं सिस्टर येता-जाता करून देतात. पेशंटला वाटतं आपण नुसते पडलो आहोत. खरं तर शरीराचा बाक त्या कॉटनं सांभाळलेला असतो. घरी येऊन आपल्या सपाट पलंगावर पाय लांब करून पाठ टेकली की कमरेत अशी ओढ बसते की काहीतरी सुटलं, निसटलं असं वाटतं. पहिल्या रात्री मला तेच वाटलं, स्क्रू हलला असं. दुखण्यापेक्षा त्या भीतीनंच झोप गेली. हे, म्हणजे माझे यजमान, रात्रभर उशाशी बसून होते आणि काय करावं हे त्यांनाही कळत नव्हतं.

ती ओढ कशाची होती ते मला नंतर समजलं. कमरेच्या मणक्यांपासून निघून ओटीपोटाच्या आतून मांडीच्या हाडाला जाऊन मिळणारा एक जाड स्नायू असतो. त्याला सोआस म्हणतात. पाय सरळ लांब केले की तो ताणला जातो आणि कमरेला पुढे ओढतो, त्यानं पाठीचा बाक वाढतो. गुडघे दुमडले की तो सैल पडतो आणि कंबर गादीवर टेकते. ऑपरेशनमध्ये पाठीचे स्नायू बाजूला सारलेले असतात, ते आधीच सुजलेले आणि आखडलेले. त्यात ही ओढ. स्क्रू जागच्या जागी होते. गुडघ्यांखाली एक उशी हवी होती, एवढंच. हे घरी सोडताना कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती.

दुसऱ्या दिवशी माझ्या जाऊबाई आल्या. मायेनंच म्हणाल्या, "गादी काढून टाक, फळीवर झोप. पाठ सरळ राहील." हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि देणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण तो बरोबर नाही. पाठ मुळात सरळ नसतेच. मानेला पुढे बाक, छातीच्या मागे उलटा बाक, कमरेला पुन्हा पुढे बाक, अशी तिची घडण आहे. फळीवर पडलं की खांदे आणि ढुंगण टेकतात आणि कंबर अधांतरी राहते. स्पेनमधल्या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर केलेला एक अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. नव्वद दिवसांनी पाहिलं तर मध्यम गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. ती माणसं ऑपरेशन झालेली नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष आमच्यासारख्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. पण 'जितकं कडक तितकं चांगलं' ही समजूत निदान त्यानं तरी खरी ठरवली नाही. खूप मऊ, खोल रुतणारी गादीही नको. तिच्यात कंबर खड्ड्यात जाते आणि कूस बदलताना दुप्पट जोर लागतो. अंथरूण फार खालीही नको. बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकावीत आणि गुडघे कमरेपेक्षा वर येऊ नयेत, एवढी उंची हवी.

मला खरी वाट दाखवली ती घरी आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं. वयानं माझ्या लेकीएवढी. आल्या आल्या ती पाठीकडे वळलीच नाही, आधी पलंग पाहिला, मग म्हणाली, "काकू, घरात उशा किती आहेत? सगळ्या आणा." पुढचा पाऊण तास तिनं मला नुसतं झोपायला शिकवलं. यांनाही शेजारी उभं केलं आणि त्यांच्याकडून करवून घेतलं.

उताणं झोपायचं असेल तर उशी गुडघ्याच्या खोबणीत कोंबायची नाही. बहुतेक घरांत तेच केलं जातं. एक लहानशी गोल उशी नेमकी गुडघ्यामागे घातली की सगळं वजन त्या एका जागी येतं आणि तिथून जाणाऱ्या शिरा दबतात. आधार मांडीच्या खालच्या भागापासून पोटरीपर्यंत पसरलेला हवा. आम्ही दोन उशा एकापुढे एक लावल्या. मांडी आणि पोटरी दोन्ही टेकल्या, टाचांना मात्र काही टोचत नव्हतं. कंबर हळूहळू गादीला टेकली. मी डोळे मिटले आणि मला रडू आलं, कारण ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाठीला कुठेही ताण नव्हता.

पण तिनं लगेच बजावलं की याच स्थितीत दिवसभर पडून राहायचं नाही. पाय हलत नसले की पोटरीच्या शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका असतो. ऑपरेशननंतरच्या काळात तो जास्तच. म्हणून जागी असताना अधूनमधून पावलं घोट्यातून वर-खाली हलवायची, चवडे आपल्याकडे ओढायचे आणि पुढे ढकलायचे. दर दोन तासांनी स्थिती बदलायची. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चुकवायचं नाही. पूर्वी अशा ऑपरेशननंतर कित्येक दिवस निजवून ठेवत. आता बहुतेक ठिकाणी पेशंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. विश्रांती हवीच, पण ती दोन चालण्यांच्या मध्ये.

कुशीवर झोपणं ही माझी जन्माची सवय. सगळे म्हणत होते कुशीवर जाऊ नकोस, पाठीवर पडून राहा. यात तथ्य किती ते मला जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्या मुलीला विचारलं. तिनं जे सांगितलं ते लेकीकडून नीट शोधून घेतलं. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. उताणं पडल्यावर तो सगळ्यात कमी आणि पुढे झुकून बसल्यावर उभं राहण्यापेक्षाही पुष्कळ जास्त निघाला. कुशीवरचा दाब त्यांच्या मापात उताण्याच्या दुप्पटतिप्पट होता, आणि कुशीची भीती बहुधा तिथूनच पसरली असावी असं मला वाटतं. पुढे १९९९ साली जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीत बारीक सेन्सर बसवून दिवसभर आणि रात्रभर मोजणी केली. उताणं पडल्यावर ०.१० मेगापास्कल (हे दाब मोजायचं माप), कुशीवर ०.१२, उभं राहिल्यावर ०.५०, आणि उभ्यानं पुढे वाकल्यावर १.१०. म्हणजे उताणं आणि कुशीवर यांत जवळपास फरकच नाही, वाकण्यात मात्र दहापट आहे. तो एकच माणूस होता आणि त्याची पाठ धडधाकट होती, हे खरं. माझ्या पाठीत स्क्रू आहेत. म्हणून मी माझ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, कुशीवर झोपू का? ते म्हणाले, "जरूर झोपा, फक्त पिळू नका."

हे 'पिळू नका' प्रत्यक्षात काय असतं ते सांगते. डाव्या कुशीवर झोपलं की उजवा पाय आपोआप डाव्याच्या पुढे गादीवर घसरतो. त्याच्यामागे उजवं खुब्याचं हाड पुढे येतं, खांदे मात्र मागेच राहतात. झाला कमरेत पीळ, आणि तोही झोपेत, तासन्‌तास. हा पीळ थांबवायला दोन्ही पायांमध्ये उशी लागते. ती फक्त गुडघ्यांमध्ये असून भागत नाही. गुडघा वर आणि पाऊल खाली लोंबकळत राहिलं तर मांडी पिळली जाते. उशी मांडीपासून घोट्यापर्यंत लांब हवी, आणि वरचा पाय खालच्या पायाला समांतर राहील एवढी जाड हवी.

इथे मला माझं काम उपयोगी पडलं. यांना मापपट्टी आणायला सांगितली आणि कुशीवर असताना दोन गुडघ्यांमधलं अंतर घ्यायला लावलं. माझ्या मापानं सहा इंच निघालं. लेकीनं जुन्या गादीतला घट्ट फोम तेवढ्या जाडीचा कापला, लांबी जांघेच्या जरा खालपासून घोट्याच्या पुढे चार बोटं. वरच्या आणि खालच्या बाजूला पाय बसेल अशी उथळ खाच घेतली, म्हणजे उशी झोपेत निसटत नाही. खोळ मऊ सुती कापडाची, आणि तिची चेन पुढच्या अरुंद कडेला, पायाला लागणार नाही अशी. मी पडल्या पडल्या सांगत होते आणि लेक मशीनवर टीप मारत होती. माझ्या मशीनचा आवाज कित्येक दिवसांनी घरात आला.

डोक्याखालच्या उशीचंही तसंच. कुशीवर असताना तिची जाडी मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराएवढी हवी. गादीत खांदा थोडा रुततो, तेवढी जाडी वजा करायची. यापेक्षा उशी पातळ असली की मान खाली कलते, जाड असली की वर. उताणं झोपताना यापेक्षा बरीच पातळ उशी लागते, म्हणून मी दोन वेगळ्या ठेवल्या. वरच्या हातालाही आधार हवा. छातीशी एक उशी घट्ट धरली की खांदा पुढे पडत नाही. ज्यांची कंबर बारीक आणि खुबे रुंद आहेत त्यांच्या बरगड्या आणि खुबा यांच्यामध्ये गादीवर पोकळी राहते. तिथे टॉवेलची पातळ घडी ठेवून पाहावी. मला तिचा फार उपयोग झाला, काहींना ती टोचते.

गुडघे किती दुमडायचे, हेही विचारलं पाहिजे. दुखतं म्हणून पुष्कळ जण गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करतात. त्यानं कमरेचा बाक सपाट होतो. अमेरिकेतले न्यूरोसर्जन जे. जे. कीगन यांनी कुशीवर निजवलेल्या माणसांचे वेगवेगळ्या कोनांत एक्स-रे काढून १९५३ साली दाखवलं होतं की धड आणि मांडी यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असला की कमरेचा बाक नैसर्गिक राहतो. १३५ म्हणजे काटकोनापेक्षा बराच उघडा, आणि सरळ रेषेपेक्षा बराच मिटलेला. आरामखुर्चीत मागे रेलून पाय थोडे वर घेतले की साधारण हाच कोन होतो. कित्येक पेशंट पहिले काही दिवस पलंग सोडून आरामखुर्चीतच झोपतात, त्यात काही वावगं नाही. मलाही पहाटेच्या वेळी तिथेच बरं वाटायचं. फक्त खुर्ची अशी हवी की तिच्यातून उठताना पुढे ओणवं व्हावं लागणार नाही. खोल, मऊ सोफा या काळात अजिबात नको. त्यात बसताना कंबर गोल होते आणि उठताना सगळा जोर कमरेवर येतो. ताठ बसणंही सुरुवातीला वीस-तीस मिनिटांपुरतंच ठेवावं, जेवणाएवढं.

पोटावर झोपायची सवय असलेल्यांना सगळ्यात जड जातं. त्या स्थितीत मान एका बाजूला वळवावी लागते आणि कमरेचा बाक वाढतो, म्हणून सुरुवातीला बहुतेक डॉक्टर ती टाळायला सांगतात. अशा माणसांना छातीशी मोठी उशी घेऊन कुशीवर झोपण्यात थोडा दिलासा मिळतो, कारण पोटाला आणि छातीला काहीतरी टेकलेलं लागतं, हीच त्यांची सवय असते.

आता कूस बदलणं आणि उठणं. माझ्या मते सगळ्या शिकवणीत हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नुसतं ऐकून हे येत नाही. याला लॉग रोल म्हणतात, कारण ओंडका जसा सबंध वळतो तसं खांद्यापासून खुब्यापर्यंत एकदम वळायचं असतं. उताणं असताना आधी एक गुडघा दुमडायचा, मग दुसरा. दोन्ही पावलं गादीवर. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा हात जरा दूर सरकवायचा, दुसरा छातीवरून त्या बाजूला न्यायचा. पोट हलकं आत घ्यायचं, श्वास रोखायचा नाही. मग गुडघे, खुबा, खांदा आणि डोकं एकाच वेळी. आधी गुडघे पडले आणि खांदे मागे राहिले, की तोच पीळ. कुशीवर आल्यावर जरा थांबायचं. उठायचं असेल तर पलंगाच्या कडेजवळ यायचं, पाय गुडघ्यापासून कडेबाहेर सोडायचे आणि त्याच क्षणी खालच्या कोपरानं आणि वरच्या तळहातानं गादी दाबायची. पायांचं वजन खाली जातं, त्यानं धड वर येतं, पाठीला काही करावंच लागत नाही. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी गरगरतं. दोन-चार श्वास घ्यायचे, पावलं टेकली आहेत का ते पाहायचं, मग उभं राहायचं. झोपायला जाताना हेच सगळं उलट क्रमानं.

सोबतच्या माणसाला हे शिकवलं नाही तर तो प्रेमापोटी हात धरून ओढतो. यांनी तेच केलं असतं. त्या मुलीनं त्यांना दाखवलं की एक हात खांद्याच्या पात्यामागे, दुसरा खुब्यावर, आणि 'एक, दोन, तीन' म्हणून दोन्ही हात एकाच वेळी. ओढायचं नाही, साथ द्यायची. त्यानंतर रात्री मी हाक मारली की ते घाबरे व्हायचे नाहीत. "चल, एक, दोन..." म्हणत उठायचे. पेशंटइतकीच त्या माणसाचीही झोप मोडते, त्याचीही चौकशी कुणी करत नाही.

शिवणकामातल्या आणखी दोन गोष्टी सांगते, कारण त्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. सुती चादरीवर सुती कपडे घातले की कूस बदलताना कापड कापडाला धरतं. खांदे वळतात आणि खुबा अडकतो. चादरीवर कमरेपासून गुडघ्यापर्यंत येईल असा सॅटिनचा आडवा पट्टा पसरला आणि त्याची पलीकडची बाजू गादीखाली खोचली, तर वळणं निम्म्यानं सोपं होतं. ज्या कडेवर बसून आपण उठतो तिथपर्यंत मात्र सॅटिन येऊ द्यायचं नाही, घसरायची भीती असते. दुसरी गोष्ट म्हणजे पाठीवरची शिवण. टाके पाठीच्या मधोमध असतात आणि पुष्कळ कपड्यांची मधली शिवण, इलॅस्टिक किंवा नाडीची गाठ नेमकी त्यांच्यावर येते. उताणं पडलं की ती रुतते, आणि माणसाला वाटतं जखम दुखते आहे. कमरेचं इलॅस्टिक टाक्यांच्या वर किंवा खाली जाईल असा कपडा निवडावा, मागे शिवण असेल तर कपडा उलटा घालावा. कमरेला बांधायचा पट्टा दिला असेल तर तो झोपताना ठेवायचा की काढायचा हे विचारून घ्यावं. मला उठताना बांधायचा आणि पडल्यावर सोडायचा असं सांगितलं होतं.

हे सगळं करूनही कुठलीच स्थिती फार वेळ सुखाची राहत नाही. अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा हलावंसं वाटतं, आणि तेव्हा मन खचतं की आता तरी बरं वाटायला हवं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत हे असंच चालतं. तीन-चार स्थिती ठरवून त्यांत फिरत राहावं: उताणं, एक कूस, दुसरी कूस, आरामखुर्ची, मध्ये थोडं चालणं. पहाटे तीन-चारला जास्त दुखतं, कारण संध्याकाळच्या गोळीचा असर ओसरलेला असतो. गोळीची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारावं, मनानं गोळ्या वाढवू नयेत. मणके सांधलेले असतील तर हाड जुळून यायला कित्येक महिने लागतात, सहा महिने ते वर्षही. त्या सगळ्या काळात उशा लागतात असं मात्र नाही. माझ्या हळूहळू कमी होत गेल्या. पायांमधली तेवढी मी अजून घेते, आवडते म्हणून.

प्रत्येक ऑपरेशनला हेच नियम लागू पडत नाहीत, हे मुद्दाम लिहिते. मानेचं ऑपरेशन असेल तर उशीचं गणित वेगळं. तिथे मान पुढे ढकलणारी जाड उशी चालत नाही, आणि घशाच्या बाजूनं ऑपरेशन झालं असेल तर काही दिवस डोक्याकडची बाजू उंच ठेवायला सांगतात. ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूभोवतालच्या आवरणाला छेद गेला असेल तर काही काळ सपाट पडून राहायला सांगतात. अशा पेशंटचं बसल्यावर डोकं ठणकत असेल आणि आडवं झाल्यावर थांबत असेल तर लगेच कळवावं. ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज आणि दुखणं, पायातला जोर कमी होणं ही लक्षणं उशी बदलून जाणारी नव्हेत. लघवी होईनाशी झाली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, छातीत दुखायला किंवा धाप लागायला लागली तर रात्र आहे म्हणून थांबू नये, तडक हॉस्पिटल गाठावं.

माझी मागणी मोठी नाही. मणक्याच्या प्रत्येक पेशंटला घरी सोडण्याआधी अर्धा तास द्यावा. कॉटचं हँडल खाली करून, ती घरच्या पलंगासारखी सपाट करून, साध्या उशा घेऊन त्याला झोपायला, वळायला आणि उठायला लावावं. घरी जो सोबत असणार आहे त्याच्या हातूनच करवून घ्यावं, नुसतं सिस्टरनं करून दाखवू नये. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार चित्रं छापावीत, आणि रात्री विचारायला एक फोन नंबर द्यावा. यासाठी ना नवं यंत्र लागतं ना नवा विभाग. ज्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट आहेत तिथे हे काम त्यांच्याकडे नेमून द्यावं, चालवून दाखवण्याइतकंच ते गरजेचं आहे. पेशंटनंही विचारल्याशिवाय घरी येऊ नये. ऑपरेशनची तारीख ठरते तेव्हाच "मी घरी झोपायचं कसं?" हा प्रश्न विचारावा आणि उशांची तयारी आधीच करून ठेवावी. दुखण्याच्या दिवसांत मापं घेणं कठीण जातं.

आपल्या आरोग्य पुरवणीत या चार स्थितींची रेखाचित्रं एकदा छापता आली तर पुष्कळांची सोय होईल. ती एखाद्या मणक्याच्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून आधी तपासून घ्यावीत. पायांमधल्या उशीचं कागदी बेतणं मी लहान, मध्यम आणि मोठ्या मापांत काढून ठेवलं आहे. आपल्याला उपयोगी वाटलं तर पाठवते, कुणीही शिंपी किंवा घरी मशीन असलेली व्यक्ती त्यावरून तासाभरात उशी शिवू शकेल.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक